एक्झॉस्ट फॅनचा आवाज आणि मेन पाडल्यावरही पेटलेला टेस्टर

आमच्या स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन गेल्या पावसाळ्यापासून आवाज करायला लागला होता. आधी नुसतं बटण दाबलं की खर्रर्र व्हायचं आणि मिनिटभरात शांत, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही. मग दिवाळीत चकल्या आणि शेव तळताना तो सलग तीन-चार तास चालला आणि त्यानंतर जी घरघर सुरू झाली ती कायमचीच. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते कळायचं नाही, हॉलमधे टीव्हीचा आवाज वाढवायला लागायचा, शेवटी सासूबाईंनी कंटाळून फॅन लावायचंच सोडून दिलं. चार महिने आम्ही फॅनशिवाय काढले. ठेच्याच्या मिरच्या भाजल्या की घरभर ठसका, ओट्यावरच्या कपाटांना हात लावला की बोटं चिकटणार, आणि आईंना आधीच दम्याचा त्रास, त्यामुळे फोडणी पडली की त्या पदर तोंडाला लावून बाल्कनीत जायच्या. हे सगळं एका बिघडलेल्या फॅनमुळे, आणि तो फॅन आम्ही रोज बघत होतो.

फॅन म्हणजे १२ इंची, लोखंडी बॉडीचा, आमची बिल्डिंग सांगलीतली जुनी आहे आणि घर घेतलं तेव्हापासून तोच आहे. खिडकीच्या वर भिंतीत गोल भोक आणि त्यात बसवलेला, बाहेरच्या बाजूला जाळी. असे फॅन तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे असतील म्हणून हे सविस्तर लिहितेय, कारण फेब्रुवारीतल्या एका रविवारी जे झालं ते मी अजून विसरले नाहीये.

त्या दिवशी नवऱ्याने ठरवलं की आज हा फॅन काढायचाच. आम्ही काही अगदी निष्काळजी माणसं नाही हो. फॅनचं बटण बंद केलं, वर जाऊन मेन स्विच पण पाडला, फ्रिजचा आवाज थांबला, म्हणजे लाइट गेली. मी स्टूल धरून उभी, ते वर चढलेले, हातात स्क्रू ड्रायव्हर, आणि फॅनला वायर जिथे जोडलीय तिथली छोटी डबी त्यांनी उघडली. मी म्हटलं, अहो, एकदा टेस्टर लावून बघा ना. ते म्हणाले मेन पाडलाय की. मी म्हटलं लावा तरी. त्यांनी टेस्टर टेकवला आणि आतला तो छोटा केशरी दिवा पेटला. मंद नाही, चांगला लख्ख. त्यांचा डावा हात तेव्हा फॅनच्या लोखंडी चौकटीवर होता.

ते हळूच खाली उतरले आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. मेन खाली, फ्रिज बंद, आणि फॅनला करंट. कारण शोधायला पाच मिनिटं लागली आणि ते हॉलच्या कोपऱ्यात हिरवा दिवा लावून बसलं होतं. इन्व्हर्टर. मेन पाडला म्हणजे इन्व्हर्टरच्या दृष्टीने लाइट गेली, मग त्याने त्याचं काम चोख केलं, बॅटरीवर गेला आणि घरातल्या ट्यूब आणि पंख्यांना करंट द्यायला लागला. आणि इन्व्हर्टर बसवताना वायरमनने स्वयंपाकघरातल्या ट्यूबचा अख्खा बोर्डच त्या लाइनवर घेतला होता, एक्झॉस्ट त्याच बोर्डावर. बॅटरी १२ व्होल्टची असली तरी इन्व्हर्टरमधून बाहेर येतो तो २३० व्होल्टच, मेनमधून येतो तसाच, आणि माणसाला लागायचा तसाच लागतो.

आता तुम्ही म्हणाल बटण तर बंद होतं ना. हो, होतं. पण आमच्या त्या बोर्डात बटण फेजमधे, म्हणजे करंट आणणाऱ्या तारेत, नव्हतं, न्यूट्रलमधे, म्हणजे परतीच्या तारेत होतं. म्हणजे बटण बंद केलं की फॅन थांबायचा, पण फेजची वायर फॅनपर्यंत जिवंतच. जुन्या घरांत आणि घाईत केलेल्या वायरिंगमधे हे सापडतं आणि बाहेरून बघून अजिबात कळत नाही, कारण फॅन तर नीट चालू-बंद होत असतो. दोन चुका एकावर एक बसल्या होत्या आणि मधे फक्त तो टेस्टर होता.

खालच्या मजल्यावर एक काका राहतात, आयुष्यभर वायरमनचं काम केलेले, आता रिटायर आहेत. त्यांना बोलावलं. ते आले, चष्मा पुसला, आणि फॅनकडे न बघता आधी इन्व्हर्टरकडे गेले. म्हणाले, "सूनबाई, मेन पाडायचा आणि इन्व्हर्टरचं बटण पण बंद करायचं, दोन्ही. नुसतं इन्व्हर्टरचं बंद केलं तर मेनचा करंट त्याच्यातून सरळ पुढे जातो, आणि नुसता मेन पाडला तर बॅटरीचा येतो." हे वाक्य मी कागदावर लिहून मीटरच्या खोक्याच्या दाराला आतून चिकटवलंय. खरंच सांगते, तुमच्याकडे इन्व्हर्टर असेल तर आज उठून बघा की कुठले बोर्ड त्याच्यावर आहेत, मेन पाडून काय काय चालू राहतं ते बघितलं की कळतं.

टेस्टरचं पण काकांनी सांगितलं. आधी टेस्टर चालू पॉइंटला लावून पेटतो का बघायचं, मग फॅनला लावायचा, आणि मग परत त्या चालू पॉइंटला. सगळं बंद केल्यावर घरात चालू पॉइंट कुठून आणणार, तर म्हणून पहिल्यांदा सगळं बंद करायच्या आधी बघायचं, आणि नंतरचं, फॅनच्या तारांना हात लावायच्या आधी, जिन्यातल्या पॉइंटवर. कारण टेस्टर बिघडलेला असला तरी तो पेटत नाहीच, आणि लाकडी स्टुलावर रबरी चप्पल घालून उभं राहिलं, वर खिडकीतून ऊन येत असेल, तर चालू असलेला टेस्टर पण इतका मंद पेटतो की दिसतच नाही. म्हणजे पेटला तर करंट आहे हे नक्की, पण पेटला नाही म्हणजे करंट नाही असं धरून चालायचं नाही. त्यापेक्षा फॅनला पिन असेल आणि ती सॉकेटमधून काढून डोळ्यासमोर ठेवता येत असेल तर त्यासारखं सुख नाही. आमचा थेट वायरने जोडलेला होता, आता तो पिनवर घेतलाय.

मग फॅन खाली काढला. एकट्याने काढू नका हे आधीच सांगते, १२ इंची लोखंडी फॅन चांगला जड असतो आणि शेवटचा स्क्रू सुटला की सगळा भार एकदम हातात येतो. आणि ओट्यावर चढून तर नकोच. ग्रॅनाइटवर तेलाचा हात फिरलेला असतो, पाय सरकतो, आणि खाली गॅसची शेगडी. आम्ही शेगडी बाजूला घेतली, रेग्युलेटर बंद केला आणि काकांच्या घरून लोखंडी घोडा आणला, एकाने धरायचा, एकाने चढायचं.

फॅन वर्तमानपत्रावर उताणा ठेवला आणि तेव्हा पहिल्यांदा नीट बघितला. पात्यांवर मधासारखा पिवळा-तपकिरी चिकटा, त्यावर धूळ बसून त्याची जणू लोकर झालेली. पण चारही पात्यांवर सारखा नाही. एका पात्याच्या टोकाला बोटभर जाड गोळा, समोरचं पातं त्या मानाने स्वच्छ, बहुतेक तिथला गोळा कधीतरी गळून पडला असणार. फॅन मिनिटाला हजार-बाराशे फेरे मारतो, एका बाजूला एवढंसं वजन जास्त झालं तरी तो डुगडुगायला लागतो, मग ते डुगडुगणं शाफ्टमधून, म्हणजे मधल्या दांड्यातून, बुशला, म्हणजे तो दांडा ज्यात फिरतो त्या कडीला, बुशमधून चौकटीला आणि चौकटीतून भिंतीला जातं, आणि आपल्याला ऐकू येते ती घरघर म्हणजे निम्मी भिंतच वाजत असते.

पण त्या घरघरीत एक बारीक टक-टक-टक पण असायची, ती मला आठवत होती. ती कुठून यायची ते आता दिसलं. मोटरकडे जाणारी वायर ज्या क्लिपमधे अडकवलेली असते ती क्लिप तुटली होती, वायर लोंबून पात्याच्या टोकाला लागत होती, आणि पात्याने ती दर फेऱ्याला थोडी थोडी तासत आणली होती. वरचं काळं आवरण गेलेलं, आतलं लाल पण बरंचसं गेलेलं, आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत तांबं चकाकत होतं. चौकट तिथून दोन बोटांवर. आणि वायर दोनच तारांची, अर्थिंग नाहीच. म्हणजे अजून थोडे दिवस गेले असते आणि ती तार चौकटीला टेकली असती तर अख्खा फॅन करंटमधे आला असता, एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, पडलाही नसता कारण करंटला जमिनीत जायला वाटच नव्हती, आणि ती वाट कोणीतरी ओला हात लावून दिली असती. आमच्याकडे ती खिडकी रोज आईच पुसतात.

म्हणून मला आवाजाबद्दल एवढं लिहावंसं वाटतंय. आवाज आला की आपण एकतर सहन करतो नाहीतर फॅन बंद करतो, बघत मात्र नाही. काकांच्या कानाला प्रत्येक आवाज वेगळा कळतो. सुरू करताना किर्रर्र होऊन मग शांत झाला तर बुश कोरडे पडलेत. सतत घरघर आणि हात लावल्यावर भिंत थरथरते, तर पात्यांवर चिकटा किंवा चौकटीचे स्क्रू ढिले. खडखड असेल तर जाळी नाहीतर पातं शाफ्टवर घट्ट करणारा बारीक स्क्रू. वारा सुटल्यावर फॅन बंद असतानाही फटफट वाजतं ते बाहेरच्या झडपा. टक-टक असेल तर काहीतरी पात्याला लागतंय आणि ते लगेच बंद करून बघायचं. आणि नुसतं गुणगुणतो पण फिरत नाही, किंवा अगदी हळू फिरतो, तर बहुतेक कंडेन्सर, म्हणजे मोटरला सुरू व्हायला जोर देणारा भाग, गेलाय नाहीतर शाफ्ट अडकलाय.

या शेवटच्या प्रकाराबद्दल जरा थांबून सांगते कारण बऱ्याच घरांत बघितलंय, बटण दाबायचं आणि लाटण्याने नाहीतर झाडूच्या काडीने पात्याला धक्का द्यायचा, मग फॅन सुरू होतो आणि सगळे खूश. कृपा करून असं करू नका. पातं अचानक वेग घेतं, काडी हातातून उडते ती कुठे लागेल सांगता येत नाही. आणि ज्या दिवशी धक्का द्यायला कोणी नसतं आणि बटण चालू राहतं त्या दिवशी मोटर फिरत नाही पण करंट घेत राहते, वाइंडिंग तापतं, आणि ते तापलेलं वाइंडिंग तेलाने माखलेल्या धुळीच्या मधोमध असतं. जळल्याचा वास आला तर बटण बंद, तो फॅन परत लावायचा नाही. कंडेन्सर साधारण शंभराच्या आत मिळतो, बदलून घ्या, जुन्याचं माप त्याच्यावर छापलेलं असतं, तेवढ्याच मापाचा घ्यायचा. आणि काढलेल्या कंडेन्सरच्या दोन टोकांना एकदम हात लावायचा नाही, फॅन बंद असला तरी त्यात करंट साठलेला असू शकतो. हे आम्ही काकांनाच करू दिलं.

साफसफाई मात्र आम्हीच केली. आधी जुन्या प्लॅस्टिकच्या पट्टीने चिकटा खरवडला, त्याचाच वाटीभर गोळा निघाला. मग पाती आणि जाळी सुटी करून गरम पाण्यात भांड्याचं लिक्विड टाकून अर्धा तास भिजवली आणि जुन्या टूथब्रशने घासली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या कॉस्टिक सोडा टाका, एका मिनिटात निघेल. तो नको. पाती अॅल्युमिनियमची असतील तर कॉस्टिक ती खातो, काळी पडतात आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो, शिवाय हातावर-डोळ्यात उडाला तर काय होईल. पेट्रोल आणि रॉकेल तर स्वयंपाकघरात आणूच नये, पेट्रोलची वाफ खोलीभर पसरते आणि पेटायला एक ठिणगी पुरते. मोटरला पाणी लावायचं नाही, ती फक्त किंचित ओल्या फडक्याने पिळून पिळून पुसली आणि ब्रशने तिच्या हवेच्या फटी मोकळ्या केल्या. पाती घासताना वाकणार नाहीत एवढं बघायचं, आणि एखाद्या पात्यावर छोटी पत्र्याची क्लिप लावलेली असेल तर ती मळ समजून काढायची नाही, ती कंपनीने तोल साधायला लावलेली असते.

मग बुशला तेल. इथे पण आमच्या घरात मतभेद होते कारण आईंचं म्हणणं खोबरेल घाला, सगळ्या कुरकुरीवर आमच्याकडे खोबरेल. पण खोबरेल थंडीत थिजतं आणि तापून तापून त्याचा गोंद होतो. शिलाई मशीनचं तेल, पुढच्या आणि मागच्या बुशला दोन-दोन थेंब, बास. जास्त घातलं तर ते गळून परत धूळ धरतं. शाफ्ट हाताने फिरवून बघितला, आधी खरखर लागत होती ती तीन-चार फेऱ्यांत गेली. शाफ्ट धरून वर-खाली हलवून पण बघायचं, तो लटलटत असेल तर बुश झिजलेत आणि मग तेलाने काही होत नाही, बुश बदलायला लागतात. आमचे वाचले. तुमच्या फॅनला बॉल बेअरिंग असेल तर ती बहुतेक बंद असते, तेल घालायची सोयच नाही, आवाज आला की बदलायची.

वायर काकांनी नवीन टाकली, तीन तारांची, हिरवी तार फॅनच्या बॉडीला घट्ट, थ्री पिन, आणि वायर पात्यापासून लांब दोन क्लिपांनी बांधून घेतली. बोर्डातलं बटण फेजवर आणलं. भिंत आणि चौकटीच्या मधे चारही स्क्रूंखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून घातले, ही काकांची जुनी युक्ती, भिंत वाजायची थांबते. पुढच्या आठवड्यात आरसीसीबी पण बसवून घेतली, ३० मिलीअँपची, एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो आणि ही माणसाला शॉक बसत असेल तर लगेच पाडण्यासाठी असते, हा फरक मला इतकी वर्षं माहीत नव्हता. आणि इन्व्हर्टरच्या लाइनला ती वेगळी लागते हे वायरमनला विचारून घ्या, नाहीतर लाइट गेल्यावर तुम्ही तिच्या भरवशावर आणि ती कामातच नाही.

बसवायच्या आधी मी भोकातून बाहेर बघून घेतलं, साळुंकीचं घरटं वगैरे नाही ना, चार महिने बंद भोक म्हणजे त्यांना आमंत्रणच. दोन काड्या होत्या नुसत्या. घरटं आणि पिल्लं असती तर मी तरी पिल्लं उडेपर्यंत फॅन लावला नसता.

आता बाथरूमच्या फॅनचं. तो ६ इंची प्लॅस्टिकचा, तो पण कुरकुरतो आणि मुलं अंघोळीला जाताना आवाज नको म्हणून बंद करतात. आमच्याकडे गीझर लाइटचा आहे पण ज्यांच्याकडे गॅस गीझर बाथरूमच्या आत आहे त्यांनी हे फार गंभीरपणे घ्यावं. बंद बाथरूममधे गॅस नीट जळत नाही, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नाही, वास नाही, माणूस बसल्या जागी कोसळतो, दर थंडीत अशा बातम्या येतात. तिथे फॅन आवाज करतो म्हणून बंद ठेवणं म्हणजे जीवाशी खेळ. आणि फॅन चालू आहे म्हणून निर्धास्त राहणं पण चूक, ताजी हवा आत यायला खालून फट नसेल तर फॅन बाहेर तरी काय ढकलणार. गीझरच बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवायला हवा.

आणि गॅसचा वास आला की पहिला हात एक्झॉस्टच्या बटणाकडे जातो, माझाही जायचा. तेव्हा तो फॅन लावायचा नाही, आणि चालू असेल तर बंदही करायचा नाही, बटणात ठिणगी पडते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली जमिनीलगत साठतो, वरचा फॅन तसाही त्याला ओढत नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर जायचं आणि १९०६ ला फोन करायचा.

फॅन वर चढवल्यावर आईंनी उदबत्ती लावून आणली आणि फॅनसमोर धरली. धूर वळून सरळ जाळीत गेला, म्हणजे हवा बाहेरच फेकतोय, फॅन उलटा बसलेला नाही. मग त्यांनी लगेच कढई ठेवली, मोहरी तडतडली, लाल मिरच्या टाकल्या, आणि तोंडाला पदर न लावता तिथेच उभ्या राहिल्या. मोहरीचा आवाज फॅनच्या वर ऐकू येत होता.

बाथरूमचा फॅन येत्या रविवारी काढणार आहोत. घोडा अजून काकांना परत केलेला नाही.